शेततळ्यात खाद्य उरतंय, मासे वाढत नाहीत? पोतं बदलण्याआधी माशाचं तोंड बघा

पावसाळ्यात सोडलेलं बीज (माशांची पिल्लं) तीन-चार महिन्यांचं झालं की, म्हणजे दिवाळीच्या आसपास, ओळखीपाळखीच्या शेततळेवाल्यांचे फोन सुरू होतात. तक्रार दर वर्षी तीच. "ताई, खाद्य टाकलं तसं तरंगत राहतंय." "दाणा तोंडात घेतात अन् थुंकून देतात." "निम्मे पाव किलोच्या वर गेले अन् निम्मे अजून बोटाएवढेच." फोन करणाऱ्याने बहुतेक वेळा निकालही लावून टाकलेला असतो. खाद्य बोगस निघालं, नाहीतर बीजवाल्याने फसवलं.

असं कधीच होत नाही असं नाही. पण मी काठावर उभं राहून पाहिलेल्या बऱ्याच तळ्यांत खाद्यही बरं होतं आणि बीजही बरं होतं. दाण्याचा आणि तोंडाचा मेळ तेवढा नव्हता. म्हणून दर वेळी फोनवर सांगते ते सगळं आज एकदाच सविस्तर लिहिते आहे.

आमचं तळं जालन्याकडे. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं, मुळात डाळिंबाच्या पाण्यासाठी केलेलं. पहिल्या वर्षी त्यात कटला, रोहू आणि मृगळ मिळून ७०० बोटुकल्या (बोटाएवढी पिल्लं) सोडल्या. दुकानात त्या दिवशी ३ एमएमचंच तरंगतं खाद्य होतं, तेच चार पोती आणलं. आठ-दहा दिवसांत अस्तरावर चिकट थर दिसायला लागला आणि कोपऱ्यात फुगलेल्या दाण्यांचा थर साचला. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, हे खाद्य माघारी द्या, याला वासच नाही." मी उदगीरला मत्स्यविज्ञान शिकलेली, तरी माझ्याही तेच मनात आलं होतं. मग एका सकाळी पाग (फेकायचं जाळं) टाकला, पाच-सहा बोटुकल्या पातेल्यात घेतल्या आणि पट्टी लावून तोंडं मोजली. दहा सेंटिमीटरच्या रोहूचं तोंड पूर्ण ताणलं तरी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर उघडत होतं. त्यात ३ मिलिमीटरचा कोरडा, टणक दाणा जायचा कसा? आणि तोंडातून गेला तरी पुढे घशाची फट त्याहून अरुंद.

मासा घास घेत नाही, ओढतो

हे एकदा नीट समजलं की पुढचं बरंच आपोआप उलगडतं. आपण घास हाताने तोंडात घालतो, गाय जिभेने गवत ओढते. रोहू-कटल्याला हात नाहीत, आणि जबड्यावर दातही नाहीत. त्यांचं तोंड रंगपंचमीच्या पिचकारीसारखं चालतं. दांडा मागे ओढला की पाणी आत येतं. मासा कल्ल्यांची झाकणं मिटलेली ठेवतो, तोंड उघडतो, वरचा जबडा पुढे सरकवतो आणि त्याच क्षणी घशाचा तळ खाली पाडतो. आतली पोकळी एकदम मोठी होते, दाब उतरतो आणि समोरचं पाणी दाण्यासकट आत घुसतं. मग तोंड मिटतं, झाकणं उघडतात, पाणी कल्ल्यांमधून बाहेर जातं आणि दाणा आत राहतो. डोळ्याचं पातं लवेपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं.

या पिचकारीची ओढ फार लांब पोहोचत नाही. तोंडाच्या रुंदीइतकं अंतर ओलांडलं की ती जवळजवळ संपते. सहा मिलिमीटर तोंडाच्या माशाला दाण्याच्या सहा मिलिमीटरच्या आत यावंच लागतं. वाऱ्याने सगळं खाद्य एका कोपऱ्यात लोटलं असेल तर तिथे जेवढे मासे मावतील तेवढेच खातील, बाकीचे मागे फिरत राहतील. म्हणून वाऱ्याच्या दिवसात खाद्य वारा जिकडून येतो त्या काठावरून टाकावं, म्हणजे ते तळ्यावर पसरत जातं. किंवा पोकळ पाइपाची चौकट करून तिच्यात टाकावं. आम्ही जुन्या ठिबकच्या पाइपाच्या दोन चौकटी केल्या आणि त्या तळ्याच्या दोन बाजूंना बांधल्या.

आता थुंकण्याबद्दल. मासा दाणा थुंकतो म्हणजे तो नापसंतच आहे असं समजू नका. रोहू-कटल्याच्या, म्हणजे कार्पच्या, कुळातल्या माशांच्या टाळूला मऊ मांसल गादी असते. याच कुळातला सायप्रिनस (कॉमन कार्प) चिखलाचा घास घेतो, गादी आणि तोंडाचा तळ यांच्यामध्ये खाण्याजोगं तेवढं दाबून धरतो आणि माती बाहेर सोडतो. त्याच्यासाठी थुंकणं हा खाण्याचाच भाग आहे. तेव्हा पाच मिनिटं डोळे लावून बसा. एक-दोनदा थुंकून तोच दाणा परत उचलला आणि शेवटी गिळला, तर दाणा थोडा मोठा किंवा थोडा टणक आहे, एवढंच. पाण्याचा हबका मारून दहा मिनिटं ठेवून टाकलात तरी काम भागेल. थुंकून मासा पाठ फिरवून गेला आणि दुसऱ्यानेही तसंच केलं, तर दाणा फार मोठा आहे किंवा खवट झाला आहे. पोत्यात हात घालून वास घ्या. तेल खवटलं असेल किंवा बुरशीचा कुबट वास येत असेल तर ते पोतं तळ्यात जाता कामा नये. एवढी खात्री झाल्यावरच दुकानदाराशी बोला.

तीन मासे, तीन तोंडं

ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या वेळी घरात मासा शिजेल तेव्हा डोकी फेकू नयेत. मी दिरांना असंच दाखवलं होतं. विहिरीजवळच्या दगडावर कटल्याचं आणि रोहूचं डोकं शेजारी शेजारी ठेवलं. कटल्याचं डोकं धडाच्या मानाने केवढं थोरलं, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड आभाळाकडे वळलेलं. रोहूचं तोंड किंचित खालच्या अंगाला, ओठ जाडसर आणि काठाला झालर. मग कल्ल्याचं झाकण कापून कमानी बाहेर काढल्या. कटल्याच्या कमानीवर लांब, बारीक, दाट काटे, अगदी उवांच्या फणीसारखे. बोट फिरवलं की मऊ लागतात. कटला पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातो, ते या फणीच्या जोरावर.

रोहूच्या घशात आणखी मागे बोट घातलं तर काहीतरी खरखरीत लागतं. शेवटच्या कमानीचं ते हाड उपसून काढलं तर त्यावर ओळीने बसलेले दात दिसतात. या माशांचे दात तोंडात नसतात, घशात असतात, आणि ते कवटीच्या तळाशी असलेल्या कडक गादीवर अन्न घासून बारीक करतात. दिरांनी ते हाड धुऊन हातात घेतलं, अंगठ्याने दात चाचपले आणि म्हणाले, "म्हणजे चावणं सगळं गिळताना." तेच खरं आहे. त्याच्यापुढे पोटही नाही. आपल्यासारखी जठराची पिशवी या माशांना नसते, घशातून अन्न थेट लांब आतड्यात जातं. साठवायला जागा नाही म्हणजे एका वेळी थोडंच खाता येतं. सकाळी एकदाच घमेलंभर खाद्य ओतून शेतावर निघून जाणाऱ्यांचं निम्मं खाद्य इथेच वाया जातं. तेच दोन वेळा विभागून टाका. जमलं तर बोटुकल्यांना तीन वेळा.

आता हे तळ्याला लावून बघू.

कटला वाढत नसेल तर दाण्याकडे नंतर बघा, आधी पाण्याकडे बघा. त्याचं मुख्य अन्न प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि अस्तराच्या तळ्यात माती नसल्याने ते आपोआप फारसे तयार होत नाहीत. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तळवा बघा. तळवा स्वच्छ, लख्ख दिसला तर कटला उपाशी आहे, मग वर कितीही महागडं खाद्य तरंगू द्या. प्लवंगजाळी असेल तर ५० लिटर पाणी गाळून बघा. नळीत खाली १ मिलिलिटरच्या आसपास गाळ बसला तर ठीक. कमी बसला तर शेण आणि पेंड भिजवून आंबवलेलं पाणी थोडं थोडं द्या. एकदम टोपलीभर शेण टाकू नका, ते का ते पुढे येतंच आहे.

मृगळाची तऱ्हा वेगळी. त्याचं तोंड खाली, तो तळाशी चरणारा. तरंगतं खाद्य वर येऊन खायला तो तयार नसतो, आणि खाल्लं तरी रोहूच्या मागून. अस्तराच्या तळ्याचे काठ उतरते असतात. काठावरून टाकलेली बुडती पेंड त्या उतारावरून घरंगळत थेट मधल्या खोल भागात जाते, जिथे प्राणवायू सगळ्यात कमी. तिथे ती मृगळाच्या आधी कुजते. मृगळासाठी पेंड-कोंड्याचा घट्ट गोळा करून थाळीत ठेवा आणि थाळी दोरीने दीड मीटर खोलीवर सोडा. दोन तासांनी वर ओढून बघा, म्हणजे किती खाल्लं त्याचा हिशेबही कळतो. माझं मत विचाराल तर अस्तराच्या तळ्यात मृगळ कमीच सोडावा. मातीच्या गावतळ्यात तो आणि सायप्रिनस खरे कामाचे, कारण तिथे तळाला काहीतरी चरायला असतं.

रोहू मधल्या थरातला आणि तिघांत सगळ्यात लवकर शिकणारा. तरंगतं खाद्य तोच पटकन धरतो. आंध्रातल्या मोठ्या तळ्यांमध्ये त्याच्यासाठी पोत्याची पद्धत रूढ झाली आहे. प्लॅस्टिकच्या पोत्याला खालच्या बाजूला भोकं पाडायची, आत पेंड आणि भाताचा कोंडा भरायचा आणि पोतं बांबूला बांधून पाण्यात सोडायचं. मासे भोकांना तोंड लावून ओढून खातात. पिचकारीची गोष्ट डोक्यात ठेवली तर ही पद्धत का चालते ते लगेच कळतं. खाद्य जागचं हलत नाही, भोकाला तोंड टेकवलेलं असल्याने अंतराचा प्रश्नच उरत नाही आणि ओल्या भुसभुशीत खाद्यात टणकपणा नसतो. पैशाने हात आखडता असेल तर तरंगत्या खाद्यापेक्षा मला हेच पटतं.

मासा मोठा झाला, हिशेब जुनाच राहिला

ऑगस्टमध्ये ठरवलेलं माप जानेवारीतही तेच, ही दुसरी नेहमीची चूक. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, तोंड मात्र दुप्पटच. दहा सेंटिमीटरची, दहा-अकरा ग्रॅमची बोटुकली वीस सेंटिमीटरची झाली की ती ऐंशी-नव्वद ग्रॅमची असते. तिच्या तोंडाला १ ऐवजी २ एमएम चालेल, ४ नाही. दाणा तोंडाच्या उघड्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असावा, फार झालं तर तिसरा हिस्सा. माझ्या तळ्यावर मी दहा ग्रॅमला १ एमएम, पन्नास ग्रॅमपासून २, दोनशे ग्रॅमनंतर ३ आणि अर्धा किलोनंतर ४ असं ठेवते. फार बारीकही नको. अर्ध्या किलोच्या रोहूला १ एमएम दिलं तर दाण्यागणिक तोंड उघडण्यातच त्याची ताकद जाते.

वजनाची दुसरी बाजूही आहे. लहान माशाचं अंग भराभर जळतं. दहा ग्रॅमच्या माशाला ज्या पाण्यात वजनाच्या ५ टक्के खाद्य लागतं, त्याच पाण्यात एक किलोच्या माशाला साधारण २ टक्के पुरतं. म्हणजे मासा शंभरपट झाला तरी त्याचं खाद्य चाळीसपटच वाढलं. ७०० बोटुकल्या दहा ग्रॅमच्या असताना सगळ्यांना मिळून रोज ३५० ग्रॅम खाद्य लागतं. त्याच शंभर ग्रॅमच्या झाल्या की ३ टक्क्यांनी रोज २ किलो १०० ग्रॅम. पहिल्या महिन्यात दोन किलो टाकणाऱ्याचं खाद्य कुजतं आणि चौथ्या महिन्यात अर्धा किलो टाकणाऱ्याचे मासे उपाशी राहतात. दोघंही फोनवर "मासे वाढत नाहीत" एवढंच सांगतात! थंडीत पाणी २० अंशांच्या खाली उतरलं की हे सगळे आकडे खाली आणा, कारण मासा तेव्हा खाणं आपणहून कमी करतो.

मत्स्यजिरे (अगदी नवजात पिल्लं) आणून घरच्या तळ्यात बीज वाढवणाऱ्यांसाठी दोन शब्द. सहा-आठ मिलिमीटरच्या त्या पिल्लाला पाणी आपल्याला वाटतं तसं पातळ वाटत नाही. इतक्या लहान अंगाला पाणी साखरेच्या पाकासारखं चिकट असतं आणि पिचकारीची ओढ त्या चिकटपणातच विरते. भक्ष्य समोर असूनही पिल्लाच्या तोंडात येत नाही. २०१४ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी एका समुद्री माशाच्या पिल्लांवर हे तपासलं. पाणी मुद्दाम दाट केलं तेव्हा मोठ्या पिल्लांचं खाणंही लहानांसारखं घटलं. म्हणून जिरे सोडण्याआधी पाणी सूक्ष्म जीवांनी भरलेलं हवं, म्हणजे दहा प्रयत्न फसले तरी अकरावा लागेल. पेंड आणि कोंडा निम्मा-निम्मा घेऊन, वस्त्रगाळ करूनच टाका. चाळणीवर उरलेली भरड त्यांच्या कामाची नाही.

पहाटे तोंड वर काढतात ती भूक नव्हे

एवढं तरी प्रत्येकाने वाचावं. पहाटे पाच-सहाला मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर पुष्कळ जणांना वाटतं की ते खायला मागताहेत, आणि ते घाईघाईने खाद्य टाकतात. तसं करू नका. मासा ज्या पिचकारीने खातो त्याच पिचकारीने श्वासही घेतो. तोंडातून पाणी आत, कल्ल्यांवरून बाहेर. रात्रभर शेवाळ आणि कुजणारं खाद्य प्राणवायू खात असतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासा वरच्या पातळ थरातलं पाणी ओढून कसाबसा जीव धरून असतो. अशा वेळी त्याचं तोंड श्वासात गुंतलेलं असतं, खाण्याला मोकळं नसतं. टाकलेलं खाद्य खाली जातं, कुजतं आणि दुसऱ्या पहाटे हाल आणखी वाढतात. एकदम टोपलीभर शेण टाकू नका म्हटलं ते याचसाठी.

ओळखायचं कसं? काठावर पाय आपटा. खायला आलेले मासे झटकन खाली जातात. गुदमरलेले जागचे हलत नाहीत, किंवा जाऊन लगेच परत येतात. असं दिसलं तर पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं पाडा, त्या दिवशी खाद्य आणि शेण दोन्ही बंद ठेवा, आणि पुढे रोजचं पहिलं खाद्य सूर्य चांगला वर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास द्या.

काही थोराड, काही बोटाएवढे

एकाच दिवशी सोडलेल्या बिजात थोडा लहान-मोठेपणा असतोच. दाणा मोठा असला की हा फरक वाढत जातो, कारण ज्यांचं तोंड सुरुवातीला एखादा मिलिमीटर मोठं होतं तेच खातात, आणखी मोठे होतात आणि खाद्याच्या जागेवरून लहानांना हुसकतात. अशा तळ्यात पहिला महिना दोन मापांचं खाद्य मिसळून द्या आणि दोन-तीन ठिकाणी टाका. तरीही फरक राहिला तर जाळं ओढून थोराड मासे वेगळे काढा किंवा विका. मागे राहिलेले लहान मासे पोटभर मिळू लागलं की झपाट्याने भरून येतात. आंध्रातले तळेवाले तर मुद्दाम दाटीत ठेवून खुंटवलेलं वर्षभराचं बीज सोडतात, ते याच गुणासाठी.

बोटुकल्या नुसत्या लहान राहत नसून कमी होत असतील, तर तळ्यात मरळ शिरली आहे का ते बघा. ओढ्याचं पाणी घेणाऱ्या तळ्यात ती हमखास येते. मरळ शिकार अख्खी गिळते, तेव्हा तिच्या जबड्याची रुंदी हीच तिची मर्यादा. स्वीडनमधल्या तळ्यांत एक कार्पकुळातला मासा पाइक नावाच्या शिकारी माशाच्या सहवासात उंच पाठीचा होतो, हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. अंग उंच झालं की जबड्यात मावत नाही. आपल्या बोटुकल्यांना तेवढी सवड नसते. मरळीचा संशय असेल तर निदान दहा सेंटिमीटरचंच बीज सोडा, स्वस्त मिळतं म्हणून अर्धबोटुकली सोडू नका, आणि पाणी घेण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवा.

आमच्या तळ्यात त्या वर्षी ३ एमएमची उरलेली पोती आम्ही फेकली नाहीत. दाणे जात्यावर भरडले, चाळले, कोंड्यात कालवले आणि भोकं पाडलेल्या पोत्यात भरून तळ्यात सोडले. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला बांबू थरथरायला लागला.

फोन कराल तेव्हा एवढं हाताशी ठेवा: पाग टाकून काढलेल्या प्रत्येक जातीच्या दहा-दहा माशांची वजनं, त्यातल्या सगळ्यात लहान माशाच्या तोंडाचं माप, पोत्यावरचा एमएमचा आकडा, खाद्य रोज किती आणि किती वाजता देता, आणि पहाटे मासे वर दिसतात का.